७/१२ नावाची फाईल सेव्ह का होत नाही? फाईलच्या नावात काय चालतं, काय नाही

महाराष्ट्रात शेतीशी संबंध असलेल्या जवळपास प्रत्येक घरात एक कागद असतो: सात-बारा. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झालेला उतारा, म्हणून आपण तो लिहिताना ७/१२ असाच लिहितो. आता हीच पीडीएफ मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर ‘७/१२’ या नावाने सेव्ह करून बघा. जमणार नाही. कधी एरर येईल, कधी नाव आपोआप ‘७_१२’ होईल, तर कधी सेव्हचं बटण दाबूनही काहीच होणार नाही.

दोष उताऱ्यात नाही आणि मराठीतही नाही. दोष आहे मधल्या तिरक्या रेघेत. फाईलच्या नावात काही चिन्हं चालतच नाहीत, काही एका सिस्टिमवर चालतात आणि दुसरीवर अडतात, आणि काही मराठी अक्षरं डोळ्यांना सारखी दिसली तरी कॉम्प्युटरसाठी वेगळी असतात. स्कॉलरशिपचा अर्ज, ॲडमिशन, पीक विमा, बँकेचं काम, सगळीकडे आता कागदाऐवजी फाईल द्यावी लागते. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता अपलोड अडकण्यापेक्षा हे नियम एकदा समजून घेतलेले बरे.

थोडक्यात उत्तर

- जी फाईल दुसऱ्याकडे किंवा वेबसाइटवर जाणार आहे, तिच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, 0 ते 9 हे आकडे, हायफन (-) आणि अंडरस्कोअर (_) वापरा. डॉट (.) एकच, तोही शेवटच्या ‘.पीडीएफ’ किंवा ‘.जेपीजी’च्या आधी.
- जी फाईल फक्त तुमच्या फोनवर राहणार आहे, तिला मराठी नाव खुशाल द्या. फक्त खाली दिलेली नऊ चिन्हं टाळा.
- तारीख लिहायची तर साल-महिना-दिवस अशी लिहा.

का, ते आता सविस्तर बघू.

फाईलचं नाव म्हणजे पत्ता

आपल्याला फाईलचं नाव म्हणजे पाटी वाटते. कॉम्प्युटरसाठी तो पत्ता असतो. ‘सातारा’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘खंडाळा’, त्यात ‘लोणंद’, आणि त्यात तुमची फाईल, हा पत्ता लिनक्स आणि अँड्रॉइडवर ‘सातारा/खंडाळा/लोणंद/फाईल’ असा लिहिला जातो. म्हणजे तिरकी रेघ हे दोन फोल्डरांमधलं दार आहे.

म्हणून तुम्ही ‘७/१२’ लिहिता, तेव्हा सिस्टिम वाचते: ‘७’ नावाच्या फोल्डरमधली ‘१२’ नावाची फाईल. असं फोल्डर नसतंच, मग काम अडतं. ‘५/११/२०२४’ अशी तारीख लिहिली तर फोल्डरात फोल्डर, त्यात फाईल असा अर्थ होतो.

ही रेघ १९७० च्या दशकात युनिक्स या सिस्टिमने ठरवली. पुढे लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, मॅक या सगळ्यांनी ती घेतली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये मात्र हीच रेघ आधीपासून कमांडला सूचना देण्यासाठी वापरात होती. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा त्यांनी उलटी रेघ (\) निवडली. तेव्हापासून विंडोजवर सुलटी आणि उलटी, दोन्ही रेघा बंद आहेत.

न चालणारी नऊ चिन्हं

विंडोजवर ही नऊ चिन्हं फाईलच्या नावात चालत नाहीत. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा विंडोजच्याच पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, म्हणून त्यांच्यावरही हाच नियम लागतो.

- / आणि \ : फोल्डर वेगळे करण्यासाठी राखीव.
- : (कोलन) : विंडोजमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे येतो, म्हणून राखीव.
- * आणि ? : ‘काहीही चालेल’ असं सांगून फाईली शोधण्यासाठी वापरतात.
- " (दुहेरी अवतरण) : कमांड लिहिताना मोकळी जागा असलेलं नाव यात बांधतात.
- <, > आणि | : एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसरीकडे वळवण्यासाठी वापरतात.

लिनक्समध्ये बंदी फक्त तिरक्या रेघेवर आणि ‘नल’ नावाच्या न दिसणाऱ्या एका चिन्हावर आहे. म्हणूनच घोळ होतो. लिनक्सच्या मशीनवर बनलेली ‘प्रश्नपत्रिका?’ नावाची फाईल तिथे मजेत उघडते, आणि पेन ड्राइव्हवर कॉपी करताना अडते.

मराठी माणूस हमखास अडकतो त्या चार जागा

१. विसर्ग आणि कोलन. ‘स्वतःचे फोटो’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्ग आहे. पण कीबोर्डवर विसर्ग पटकन सापडत नाही, म्हणून अनेकजण तिथे कोलन टाकतात: ‘स्वत:चे फोटो’. दिसायला फरक जवळपास नाहीच. विसर्ग हे देवनागरीचं चिन्ह आहे आणि ते सगळीकडे चालतं. कोलन विंडोजवर अडतो. ‘मी तर साधं मराठी नाव दिलं होतं’ असं म्हणणाऱ्याच्या फाईलमध्ये बऱ्याचदा हा चोर लपलेला असतो.

२. ॥ श्री ॥ आणि || श्री ||. लग्नपत्रिकेच्या फाईलला नाव देताना सुरुवातीला ‘|| श्री ||’ टाकायची हौस असते. त्या उभ्या रेघा म्हणजे वरच्या यादीतलं शेवटचं चिन्ह. खरा दुहेरी दंड (॥) देवनागरीत वेगळा आहे आणि तो चालतो. पण बाहेर पाठवायच्या फाईलमध्ये दोन्ही नकोत. श्री पत्रिकेच्या आत शोभतो.

३. शेवटचा डॉट. ‘ता.’, ‘जि.’, ‘रु.’, ‘न. पं.’ ही आपली लघुरूपं डॉटने संपतात. ‘लोणंद न. पं.’ असं फोल्डरला नाव दिलं, तर विंडोज शेवटचा डॉट गुपचूप काढून टाकतं. नावाच्या शेवटची मोकळी जागाही तशीच जाते. नंतर दोन ठिकाणची फोल्डरं जुळवायला गेलात की नावं जुळत नाहीत.

४. मराठी आकडे. ‘७’ आणि ‘7’ हे आपल्यासाठी एकच, कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी चिन्हं. निम्म्या फाईली ‘२०२४’ने आणि निम्म्या ‘2024’ने सुरू केल्या, तर यादीत त्यांचे दोन वेगळे गट पडू शकतात, आणि शोधताना एक टाइप केलं तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. फाईलच्या नावात एकच पद्धत ठेवा. बाहेर जाणाऱ्या फाईलला 0 ते 9 हेच आकडे बरे.

दिसतं एक, असतं दुसरं

मराठी फाईलनावांची खरी गंमत इथे आहे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग आहे. अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाला स्वतंत्र नंबर. एकच शब्द कधी कधी दोन-तीन वेगवेगळ्या नंबरांच्या रांगेने लिहिता येतो, आणि स्क्रीनवर तो सारखाच दिसतो.

‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. यातला ऱ्य तीन प्रकारे तयार होतो. पहिला, ‘ऱ’ हे पूर्ण अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा ‘र’, त्याला नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसरा, साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य: ‘शेतकर्‍यांची’. कोणता प्रकार येणार, हे तुमचा कीबोर्ड ठरवतो. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि ‘शेतकर्‍यांची यादी’ अशा दोन फाईली शेजारी शेजारी राहू शकतात. तुम्ही एक दुरुस्त करता आणि पाठवता दुसरी.

जुन्या मॅकवर तर सिस्टिम स्वतःच ‘ऱ’ फोडून र आणि नुक्ता असं साठवायची. नाव तिथून आलं, की लिनक्सच्या सर्व्हरवर ते ‘वेगळं’ ठरायचं. ॲपलने २०१७ मध्ये आणलेल्या नव्या पद्धतीत नाव जसं दिलं तसंच ठेवलं जातं. पण जुन्या फाईली अजून फिरतातच.

दुसरं उदाहरण ‘ॲडमिशन’चं. ‘ॲ’ हे एक पूर्ण अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी ‘अ’ला वरचा चंद्र जोडून ‘अॅ’ लिहायचे, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसंच लिहितात. ‘ऱ’च्या पहिल्या दोन प्रकारांना युनिकोड निदान सममूल्य मानतं. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांना तेही मानत नाही. म्हणून फोनमध्ये ‘ॲडमिशन’ शोधलं आणि फाईल ‘अॅडमिशन’ असेल, तर बऱ्याचदा ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. फाईल मात्र समोरच असते.

यावर सोपा उपाय आहे. मराठी नावं द्यायची असतील तर सगळी एकाच कीबोर्डवरून द्या, आणि महत्त्वाच्या फाईलच्या नावात असे शब्द येऊ देऊ नका.

डीटीपीच्या दुकानातल्या फाईलबद्दलही एक सांगायला हवं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत नीट मराठी दिसतो. पण फाईलचं नाव सिस्टिमच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये दिसतं. तसंच टाइप करून नाव दिलं, तर ते इंग्रजी अक्षरांचा काला दिसतं. नाव देताना कीबोर्ड बदला.

मराठी नाव लवकर ‘लांब’ होतं

बहुतेक सिस्टिमवर एका नावाला २५५ ची मर्यादा आहे. पण २५५ काय? विंडोज ढोबळमानाने चिन्हं मोजतं. लिनक्स आणि अँड्रॉइडची आतली साठवण बाइट मोजते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. म्हणजे फोनवर देवनागरीची जास्तीत जास्त ८५ चिन्हं बसतात, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात.

‘लोणंद’ बघा. आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं. कॉम्प्युटरला पाच चिन्हं: ल, ओची मात्रा, ण, अनुस्वार, द. पाच गुणिले तीन म्हणजे १५ बाइट. हीच फाईल वेबसाइटवर चढवून तिची लिंक कॉपी केली, की प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे तीन अक्षरी गावाची ४५ खुणांची आगगाडी होते. मराठी नावाच्या फाईलची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांची रांग दिसते ती याचमुळे.

‘खंडाळा तालुक्यातील लोणंद येथील कांदा उत्पादक शेतकऱ्यांची यादी’ या नावाला, शेवटचं ‘.पीडीएफ’ इंग्रजीत धरून, १७३ बाइट लागतात. एवढं चालतं. पण विंडोजवर याच्या दुप्पट लांबीचं नाव दिलं, तर तिथे ते सेव्ह होईल आणि फोनवर कॉपी करताना अडेल.

मोकळी जागा, कॅपिटल आणि काही राखीव नावं

मोकळी जागा सगळ्या सिस्टिमवर चालते. पण लिंकमध्ये तिच्या जागी ‘%20’ येतं, आणि मेसेजमध्ये साधा मजकूर म्हणून लिहिलेली लिंक मोकळ्या जागेपाशी तुटते. #, % आणि & यांनाही लिंकमध्ये वेगळे अर्थ आहेत. म्हणून काही ऑनलाइन अर्जांच्या सूचनांत ‘फाईलच्या नावात स्पेशल कॅरेक्टर नको’ असं लिहिलेलं असतं. ती सूचना मनावर घ्या.

मराठीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे कॅपिटलचा प्रश्न इंग्रजी नावातच येतो. विंडोज कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच मानतं, लिनक्स वेगळी मानतं. लिनक्सच्या सर्व्हरवर ‘लोणंद’ हे नाव एकदा कॅपिटल एलने आणि एकदा स्मॉल एलने लिहिलं, तर त्या दोन फाईली होतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये आणल्यावर एक दुसरीवर बसू शकते, म्हणजे एक गेलीच. सगळी अक्षरं स्मॉल ठेवली की प्रश्नच मिटतो.

विंडोजवर काही नावंही राखीव आहेत: कॉन, पीआरएन, ऑक्स, नल (एन-यू-एल), आणि कॉम किंवा एलपीटीपुढे 1 ते 9 आकडा. डॉसच्या काळात ही कीबोर्ड, प्रिंटर, पोर्ट यांची नावं होती. ‘नळपट्टी’वाल्यांनी घाबरू नये, ‘एन-ए-एल’ चालतं.

नाव डॉटने सुरू केलं, तर लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाईल लपते. ‘मघाशी सेव्ह केलेली फाईल गेली कुठे’ याचं हेही एक उत्तर असतं. हायफननेही सुरुवात नको, कारण कमांडमध्ये ते सूचना समजलं जातं.

मग नक्की काय वापरायचं?

पॉझिक्स नावाच्या मानकात ‘कुठेही नेता येतील’ अशी ६५ चिन्हं ठरवून दिली आहेत: २६ कॅपिटल, २६ स्मॉल, १० आकडे, आणि डॉट, हायफन, अंडरस्कोअर. तुमचा फोनही साधारण याच नियमाने वागतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव बघा: आयएमजी, हायफन, तारीख, हायफन, डब्ल्यूए आणि क्रमांक. त्यात मोकळी जागा नाही, कोलन नाही, स्लॅश नाही.

नाव देण्याचा एक साधा साचा:

तारीख_विषय_गाव किंवा व्यक्ती_क्रमांक

खालची उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फोनवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

- ‘७/१२ उतारा’ ऐवजी: सातबारा_लोणंद_गट-123
- ‘कांदा पट्टी ९/१/२५’ ऐवजी: 2025-01-09_कांदा-पट्टी_लोणंद
- ‘माऊलींची पालखी लोणंद मुक्काम!!’ ऐवजी: 2025-06_पालखी_लोणंद_001
- ‘final नवीन final खरं’ अशा नावाऐवजी: अर्ज_स्कॉलरशिप_आवृत्ती-03

साल आधी लिहिल्याचा फायदा असा, की यादी नावाप्रमाणे लावली तरी ती आपोआप तारखेप्रमाणे लागते. ‘09-01-2025’ लिहिलंत, तर सगळ्या वर्षांच्या नऊ तारखा एकत्र येतात. बाजार समितीत कांदा घातल्यावर दर वेळी मिळणाऱ्या पट्टीचा फोटो असाच ठेवला, तर वर्षाअखेर हिशोब लावताना एकही पट्टी शोधावी लागत नाही. क्रमांकही 001, 002 असे शून्य लावून लिहा. नाहीतर काही ठिकाणी 10 नंबरचा फोटो 2 च्या आधी येतो.

इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा आणि बदलू नका. इंग्रजीत ण आणि न एकच होतात, काना कधी एका ‘ए’ने तर कधी दोन ‘ए’ने लिहिला जातो. आज एक ‘ए’, उद्या दोन, असं केलं की शोधताना निम्म्या फाईली हरवतात. गावाचं नावही पुरेसं स्पष्ट ठेवा. नुसतं ‘खंडाळा’ लिहिलं, तर तो लोणंदचा तालुका की लोणावळ्याजवळचा खंडाळा, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. ‘खंडाळा-सातारा’ लिहिलं की वाद मिटला.

नावावरून फसू नका

फाईल कोणत्या प्रकारची आहे, हे शेवटच्या डॉटनंतर जे येतं त्यावरून ठरतं. मधल्या डॉटला अर्थ नाही. ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.एपीके’ ही पत्रिका नव्हे. ते फोनमध्ये बसणारं ॲप आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून फोनमधली माहिती आणि बँकेतले पैसे चोरण्याचे प्रकार देशात घडले आहेत, आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारे दिले आहेत. लांब नाव स्क्रीनवर मध्येच कापलं जातं, त्याचा फायदा घेतला जातो. युनिकोडमध्ये मजकुराची दिशा उलटवणारं एक अदृश्य चिन्हही आहे. ते वापरून नावाचा शेवटचा भाग उलटा दाखवता येतो. म्हणून फाईल उघडण्याआधी तिच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन प्रकार तपासा. पत्रिका, पावती, उतारा यांपैकी काहीही ‘इन्स्टॉल करा’ असं विचारत नाही. विचारलं, तर डिलीट करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल सही असलेल्या सात-बाराचं नाव बदललं तर सही बिघडते का?
नाही. सही फाईलच्या आतल्या मजकुरावर असते, नावावर नाही. बिनधास्त बदला. आतला मजकूर बदलून पुन्हा सेव्ह केलात, तर मात्र सहीची पडताळणी होणार नाही.

शेवटचं ‘.जेपीजी’ खोडून ‘.पीडीएफ’ लिहिलं तर पीडीएफ होते का?
नाही. फक्त पाटी बदलते, आत फोटोच राहतो. वेबसाइट ती नाकारू शकते. स्कॅन करणाऱ्या ॲपमधून पीडीएफ बनवा.

नावात इमोजी चालतो का?
नव्या फोनवर चालतो. एका साध्या इमोजीला ४ बाइट लागतात, आणि जुन्या मशीनवर त्याजागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. अर्जाच्या फाईलमध्ये नकोच.

झिप फाईल उघडल्यावर मराठी नावं विचित्र का दिसतात?
झिपची पद्धत युनिकोडच्या आधीची आहे. नावं युनिकोडमध्ये आहेत, ही खूण बनवणाऱ्या ॲपने लावली नसेल, तर उघडणारं ॲप ती चुकीच्या पद्धतीने वाचतं. आतल्या फाईली शाबूत असतात. झिप करण्याआधी नावं इंग्रजी अक्षरांत केली की हा प्रश्न येत नाही.

म्हणजे मराठी नावं द्यायचीच नाहीत का?
द्या की. आजचे फोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळे मराठी नाव समजतात. अडचण येते ती फाईल एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना, मधल्या एखाद्या जुन्या दुव्यावर. म्हणून फोल्डर आणि घरच्या फाईली मराठीत ठेवा, आणि अर्जाला जोडायची प्रत वेगळी काढून तिला वरच्या साच्यातलं नाव द्या. मूळ फाईल आहे तशी राहते आणि अपलोडही अडत नाही.

पाठवण्याआधीची तपासणी

१. नावात नऊपैकी एखादं चिन्ह आहे का? विशेषतः / आणि : बघा.
२. मोकळ्या जागेऐवजी हायफन किंवा अंडरस्कोअर आहे का?
३. डॉट एकच आहे का, आणि त्यानंतरचा प्रकार बरोबर आहे का?
४. तारीख साल-महिना-दिवस अशी आहे का?
५. नाव वाचून, फाईल न उघडता, आत काय आहे ते दुसऱ्याला कळेल का?

पाचही उत्तरं नीट असतील, तर ती फाईल लोणंदच्या सायबर कॅफेतल्या जुन्या विंडोजवर, तुमच्या अँड्रॉइडवर आणि सरकारी सर्व्हरवर एकाच नावाने ओळखली जाईल.